जावयाच्या हातचं मटण

लीड्सच्या आमच्या घरात फ्रिजचं दार कधी मोकळं दिसलं नाही. माझ्या मैत्रिणींच्या घरी फ्रिजवर भावंडांची चित्रं असायची, स्पेनहून आणलेले मॅग्नेट असायचे. आमच्याकडे बाबांनी पेपरातून कापलेली कात्रणं असायची. सॉसेज आणि आतड्यांचा कॅन्सर, बेकन आणि हृदय, मांस खाणारे जास्त जगतात की न खाणारे. त्या वर्षांत इथल्या पेपरांना या विषयाचं वेडच लागलं होतं. एका आठवड्यात लाल मांस माणसाला मारायचं, पुढच्या आठवड्यात ते तितकंसं मारायचं नाही. बाबा दोन्ही कात्रणं शेजारी शेजारी लावायचे आणि चहाचा कप हातात घेऊन उभ्या उभ्या वाचायचे. "हेडिंग वाचून जेवायचं नसतं, खाली काय लिहिलंय ते वाचायचं," असं ते मला सांगायचे. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि मला दूध हवं असायचं. दार जोरात ओढलं की एखादा बिचारा कार्डिऑलॉजिस्ट फोटोसकट जमिनीवर पडायचा.

बाबा म्हाताऱ्यांचे डॉक्टर. हॉस्पिटलात त्यांचे वॉर्ड सत्तरी-ऐंशीच्या पुढच्या माणसांनी भरलेले असायचे, आणि त्यांना ती माणसं मनापासून आवडायची. पुण्यातल्या ज्या घरात ते वाढले तिथे अंडंसुद्धा कधी आलं नाही. पण शाकाहारी माणूस अमर असतो असल्या भ्रमात ते नव्हते. त्यांचे स्वतःचे वडील जन्मात मांसाला शिवले नव्हते, तरी पन्नाशीतच ऑफिसच्या जिन्यात कोसळले. "तूप, साखर, सिगारेट आणि खुर्ची," बाबा म्हणायचे, "यातलं काहीच मांसाहारी नाही." तरीही वाचलेल्या सगळ्याचा हिशोब मांडून ते एवढ्यावर येऊन थांबले होते, की लाल मांस जितकं कमी तितकं बरं, आणि सॉसेज-बेकन तर नकोच. महाराष्ट्र मंडळात दरवर्षी ते यावर बोलायचे. भाषण संपलं की लोक टाळ्या वाजवायचे आणि मागच्या टेबलावरचे चिकन पॅटिस संपवायचे. बाबांना त्याचा राग यायचा नाही. मी शाळेत काय खाते हेही त्यांनी कधी विचारलं नाही. बाहेरचं तुझं तू ठरव, घरात मात्र शिजणार नाही, एवढाच नियम होता.

आई कोल्हापूरची, आणि कोल्हापूरचीसुद्धा अशा घरातली, जिथे रविवार म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. लग्न झालं आणि तिने मटण सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. आमच्या घरी आमटी व्हायची, गोड्या मसाल्याची, गूळ घातलेली, आणि आई ती इतकी सुरेख करायची की ही बाई तांबड्या रश्श्यावर वाढली आहे यावर कुणाचा विश्वास बसला नसता. फक्त माहेरून येणारा कांदा-लसूण चटणीचा डबा तिने कधी चुकवला नाही. वांग्याच्या भाजीत ती चटणी पडली की बाबांना घाम फुटायचा, आणि ते घाम पुसत पुसत पुन्हा वाढून घ्यायचे.

आजी गेली त्या वर्षी आबा, म्हणजे आईचे वडील, सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले. आबा शाळेत पी.टी.चे मास्तर होते. पंचाहत्तरी ओलांडली होती, तरी रस्त्याने चालायला लागले की शेजारच्या माणसाचं पाऊल आपोआप त्यांच्या पावलाशी जुळायचं. आमच्या गल्लीतली पोरं त्यांना 'सार्ज', म्हणजे सार्जंट, म्हणायला लागली. मला त्यांनी रोज संध्याकाळी मराठी वाचायला बसवलं. "आबा, तुमचा चहा थंड झाली," असं मी म्हटलं की ते डोळे मिटायचे आणि "पुन्हा एकदा, सावधान!" असा आवाज द्यायचे. आज मी हे जे लिहिते आहे, ते मराठी त्या सहा महिन्यांचं आहे. आईबाबांनी मला भाषा दिली खरी, पण तिला सरळ उभं राहायला आबांनी शिकवलं.

पहिल्याच दिवशी जेवताना आईने विचारलं, "आबा, बाहेरनं चिकन वगैरे आणू का तुमच्यासाठी?" आबांनी हात आडवा केला. "नगो गं. तुझी आई गेल्यापासनं मनच उडालंय त्यावरनं. मला आता लागतच न्हाई." आईचे डोळे भरून आले. माणूस गेलं की त्याच्या नावाने आवडीची वस्तू सोडायची, ही आपल्याकडची जुनी रीत, तेव्हा त्यावर कुणी काय बोलणार? बाबांना तर मनातून फार बरं वाटलं. ते लपवायला त्यांना जमायचं नाही. "या वयात एवढं मोठं पाऊल," ते आम्हाला सांगत राहिले, "माझे निम्मे पेशंट हे करू शकत नाहीत." मग महिन्या-दोन महिन्यांत आबांची पँट सैल व्हायला लागली. आईने मशीन काढून कंबर आत घेतली. पुन्हा सैल झाली, पुन्हा आत घेतली. बाबांनी ओळखीच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घेतलं. कोलेस्टेरॉल उत्तम, साखर उत्तम. ते रिझल्ट बाबांनी आबांना वाचून दाखवले तेव्हा एखाद्या मुलाने पहिला नंबर काढावा तसे ते खूश होते. आबा हसले आणि ताटातला भात इकडून तिकडे करत राहिले.

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो होतो. एका शाळेचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, ऑरेंज स्क्वॅशचे कप. शेवटी आरती सुरू झाली आणि सगळे उभे राहिले. आबा बसूनच होते. मला वाटलं दमले असतील. मग दिसलं, की ते उठायचा प्रयत्न करताहेत. दोन्ही हात खुर्चीवर रेटले, अर्धे वर आले, आणि परत बसले. पुन्हा रेटले. शेजारच्या गृहस्थांनी काखेत हात घालून उठवलं. आबा मोठ्याने आरती म्हणायला लागले, जणू काही झालंच नाही. मी बाबांकडे बघितलं. त्यांच्या टाळ्या थांबल्या होत्या. त्यांचा तसा चेहरा मी पूर्वी कधी बघितला नव्हता, आणि त्या चेहऱ्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नाश्ता झाल्यावर बाबांनी स्वयंपाकघरातली साधी लाकडी खुर्ची मध्ये ओढली. "आबा, जरा बसता? आता हात असे छातीवर घ्या. आणि हात न टेकता उठून दाखवा." हॉस्पिटलात येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला ते हेच करायला लावायचे. औषधाची बाटली नंतर, आधी खुर्ची. आबांनी हात छातीवर बांधले, पाय जुळवले, स्वतःलाच हळूच "ऊठ" अशी ऑर्डर दिली. काही झालं नाही. आयुष्यभर पोरांना जोर-बैठका शिकवलेला माणूस लाल होऊन खुर्चीत तसाच राहिला. "गुडघं आखडलेत थंडीनं," ते म्हणाले.

"गुडघे नाहीत, आबा," बाबा म्हणाले. ते खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी आबांची पोटरी हातात घेतली. पोटरी कुठली, कातडी होती. "मूर्ख आहे मी. घरात माणूस झिजत होता, आणि मी कोलेस्टेरॉल बघत होतो."

मग त्यांनी आबांना सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय पोटात जातं ते विचारलं. चहा, टोस्ट, थोडा आमटीभात, परत चहा. अधूनमधून अर्धी पोळी. बाबा ऐकत होते. आई दारात उभी होती, तिच्या हातात पिठाचा डबा तसाच होता. मग बाबांनी जो प्रश्न विचारला तो मी आयुष्यभर विसरले नाही. इतर कुणीही 'का सोडलंत' असं विचारलं असतं.

"आबा, मटण कुठे सोडलंत? कोल्हापुरात, की इथे?"

आबांनी मान खाली घातली. पी.टी.च्या मास्तरांना खोटं बोलता यायचं नाही, फक्त गप्प बसता यायचं. मग ते म्हणाले, "निघताना धाकट्या लेकीनं डबा दिला होता. मुंबईला विमानतळाच्या बाहेर बसून खाल्लं. ते शेवटचं."

"म्हणजे आईच्या नावानं..." आई दारातून म्हणाली.

"तुझ्या आईनं मला कशाला सोडायला लावलं असतं? तिनंच तर सवय लावली." आबा बाबांकडे वळले. "जावईबापू, लेकीच्या घरी आलोय मी. तुमच्या चुलीवर असलं कधी शिजलं न्हाई. एवढ्या वर्षांत पोरीनंसुद्धा शिजवलं न्हाई. मी म्हातारा मरायच्या वयात येऊन तुमचं घर बाटवू व्हय? आनि तुम्ही डॉक्टर. ते फ्रिजवरचं रोज वाचतोय की मी. म्हटलं, बरं झालं, तब्येतीच्या नावाखाली झाकून जाईल."

आई तोंडाला पदर लावून रडायला लागली. जीन्स घातलेल्या माझ्या आईला पदर नव्हता, ओढणीचं टोक होतं, पण ती रडली तशी. बाबा मात्र शांत होते. "तुम्हाला परत कधी जायचंय?" त्यांनी विचारलं.

"हिच्या वर्षश्राद्धाला. पाटावर बसून करायचंय मला. खुर्चीवर बसून न्हाई करणार."

"असेच राहिलात तर पाटावरून उठता येणार नाही," बाबा म्हणाले. "खरं सांगायचं तर विमानातही बसता येणार नाही. एखादा फ्लू आला तरी या हिवाळ्यात मी तुम्हाला सांभाळू शकेन की नाही, मला ठाऊक नाही." बाबांनी उठून कोट घातला आणि मला म्हणाले, "चल, माझ्याबरोबर ये."

लीड्सच्याच हेअरहिल्स भागातल्या मटणाच्या दुकानात बाबा शिरले तेव्हा त्यांनी आधी नाकाला रुमाल लावला आणि मग लाजून खिशात घातला. खाटीक पाकिस्तानी, मिरपूरकडचा, बोलणं अस्सल यॉर्कशरचं. "ऑलराइट, लव्ह?" त्याने मला विचारलं. बाबांना काय मागायचं तेच माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी केस हिस्टरी दिली: पेशंट सत्तरीच्या पुढचा, बायको गेलेली, वजन घटलेलं, भूक मंद. तो माणूस सुरा हातात धरून गंभीरपणे ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "शोल्डर, डॉक्टर. ऑन द बोन. अँड नॉट टू मच ॲट वन्स." घरी येताना बाबा म्हणाले, "बघ, मी सांगितलं असतं तेच त्याने सांगितलं. थोडं थोडं." मी त्यांना विचारलं, मग ती कात्रणं खोटी का? "नाहीत," ते म्हणाले. "पण ती हजारो माणसांची आहेत, बरीचशी मधल्या वयाची. वीस वर्षांनी काय होईल याची. आबांना वीस वर्षांचा प्रश्न नाहीये गं, त्यांना हा हिवाळा आहे. तो प्रश्न वेगळा, म्हणून उत्तर वेगळं. मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर त्यांच्या ताटात वाढत होतो." माणूस स्वतःची चूक इतक्या स्वच्छ शब्दांत सांगू शकतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतरही फार वेळा ऐकलेलं नाही.

घरी आईने हात पुढे केला. बाबांनी पिशवी दिली नाही. "मी करणार," ते म्हणाले. आई हसली, मग तिला कळलं की ते चेष्टा करत नाहीत. "तू केलंस तर ते लेकीने लपूनछपून केलेलं आणि मी चालवून घेतलेलं होईल," ते हळू आवाजात म्हणाले. "आबा दोन घास खातील आणि पुन्हा सोडतील. मी केलं तर त्यांना नाही म्हणता येणार नाही." आईने माळ्यावरचं जुनं पातेलं काढायला स्टूल घेतलं, तर म्हणाले, "ते कशाला? आपला रोजचा कुकर घे." ज्या कुकरमध्ये रोज आमचं वरण लागायचं तो कुकर. आई स्टुलावर उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटतं, लग्नाच्या दिवशीही तिने त्यांच्याकडे असं बघितलं नसेल.

आबांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ठेवली. तिथून त्यांच्या ऑर्डरी सुरू झाल्या. "हळद लावा. मीठ. आता आलं-लसूण, हां, हात आखडू नका. पाणी गरम घाला, गार न्हाई!" पहिल्यांदा नुसतं आळणी पाणी, म्हणजे मटणाचं बिनतिखटाचं सूप निघालं, ते वाटीत काढून आबांच्या हातात दिलं. मग कांदा, सुकं खोबरं, तीळ तव्यावर भाजायला घेतलं. बाबांनी खोबरं काळं केलं. स्मोक अलार्म कोकलायला लागला. कन्सल्टंट डॉक्टर स्टुलावर चढून टी टॉवेल फडकावताहेत, आबा खालून "डावीकडं, डावीकडं" असं ओरडताहेत, आणि आई दारं-खिडक्या उघडत "अहो, ते जळतंय!" म्हणून धावते आहे. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, सगळं ठीक आहे ना? "एव्हरीथिंग इज फाइन," बाबा म्हणाले, "आय ॲम कुकिंग." त्या बाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही.

चव बघायची वेळ आली तेव्हा बाबांनी चमचा माझ्याकडे दिला. ते स्वतः खाणार नव्हते. त्या दिवशीही नाही आणि पुढेही कधी नाही. मीठ कमी होतं, तिखट भयंकर होतं. आबांच्या ताटात बाबांनी स्वतः वाढलं, भाकरी ठेवली, आणि शेजारी आपलं आमटीभाताचं ताट घेऊन बसले. आबांनी पहिला घास घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तिखट झालंय," ते म्हणाले. "फार झालं का?" बाबांनी काळजीने विचारलं. "न्हाई," आबा म्हणाले, "बरोबर झालंय." मग बाबांनी आईकडे बघितलं. इतक्या वर्षांचा प्रश्न त्यांनी शेवटी विचारला. "तुला वाढू?" आई म्हणाली, "मला नको. मी खरंच सोडलंय." तरी तिने ताट पुढे केलं. "रस्सा तेवढा वाढा."

त्यानंतर हिवाळाभर आमच्या घरात नवी शिस्त आली. रविवारी थोडं मटण, मधल्या वारी मासे, रोज सकाळी उकडलेलं अंडं, वाटीभर घट्ट वरण, आणि जेवणाच्या आधी खुर्चीवरून ऊठबस. नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत, असं बाबांनी बजावलं होतं. ऊठबशीच्या ऑर्डरी आबा स्वतःच स्वतःला द्यायचे, इतक्या मोठ्याने की बाहेरचा पोस्टमन दचकायचा. कुकर तोच होता. सोमवारी त्यातच वरण लागायचं आणि बाबा ते खायचे. मंडळात कुणीतरी पकडलंच: "काय डॉक्टर, आम्हाला सोडायला सांगता आणि घरी स्वतः रस्सा करता!" बाबा त्याच्या पोटाकडे बघून म्हणाले, "तुला अजूनही तेच सांगतो. तू पंचेचाळीसचा आहेस." पण पुढच्या वर्षीच्या भाषणात त्यांनी सुरुवातच अशी केली, "गेल्या वर्षी माझ्या घरात माझी चूक झाली," आणि सगळी गोष्ट सांगितली. त्या दिवशी टाळ्या उशिरा पडल्या आणि पॅटिस बराच वेळ तसेच राहिले. आबांनीही एकदा जेवताना आपणहून म्हटलं होतं, "तुमचं वाचन खोटं न्हाई हं, जावईबापू. आमच्या तालमीतले कितीतरी गडी साठीच्या आत गेले. रोज किलोनं खायचे." दोघं एकमेकांचं असं मान्य करायचे, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं.

परत जाताना एअरपोर्टवर आबा एका खुर्चीवर बसले होते. फ्लाइटची घोषणा झाली. त्यांनी बाबांकडे बघितलं, हात छातीवर बांधले, पाय जुळवले, आणि सरळ उभे राहिले. बाबांनी भर गर्दीत वाकून त्यांच्या पायांना हात लावला. कोल्हापुरात वर्षश्राद्ध झालं, आबा पाटावर बसले आणि पाटावरून उठले. त्यानंतरही ते बरीच वर्षं जगले, आणि ती सगळी स्वतःच्या पायांवर.

आता माझे केस पांढरे व्हायला लागले आहेत. आई मागच्या वर्षी गेली, आणि बाबा लीड्सचं घर बंद करून आमच्याकडे लंडनमध्ये स्टॅनमोरला आले. आमच्याकडे स्वयंपाक माझा नवरा डेव्हिड करतो, त्याला आवडतं म्हणून. बाबांसाठी तो रोज वेगळी भाजी ओव्हनमध्ये भाजतो, चीज घालून पास्ता करतो, मनापासून करतो. बाबा प्रत्येक वेळी "व्हेरी नाइस, डेव्हिड" म्हणतात. गेल्या आठवड्यात त्यांचं स्वेटर खांद्यावरून घसरताना मला दिसलं. मी ताटाकडे बघितलं. पास्ता इकडून तिकडे झाला होता, कमी झाला नव्हता.

"बाबा, जेवत नाही तुम्ही."

"अगं, वय झालं. तुझी आई गेल्यापासून मनच उडालंय जेवणावरून," ते म्हणाले. "मला आता फारसं लागतच नाही."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "कुठे उडालं, बाबा? लीड्सला, की इथे?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग डेव्हिडकडे, मग ओव्हनकडे. आणि त्यांना हसू आलं. "स्टॅनमोरला," ते म्हणाले.

मी उठले, त्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ओढली, कपाटातून गोडा मसाला आणि गूळ काढून ओट्यावर ठेवला, आणि डेव्हिडला हाक मारली.